बोटीवरचं हळदीकुंकू

लग्न जवळजवळ ठरलं होतं. सौमित्र आणि ऋतुजा एकाच कंपनीत, एकमेकांना पसंत करून मोकळे झालेले. दोन्ही घरचे भेटले होते. पत्रिका बघायच्या नाहीत, हुंड्याचा विषय कोणी काढायचा नाही, हे सौमित्रच्या आईने, सुनीतीने, पहिल्याच बैठकीत जाहीर केलं होतं, आणि तो विषय काढण्याचं कोणाच्या मनातही नव्हतं. अडलं होतं फक्त एका होकारावर, मुलीच्या आत्याच्या. ऋतुजाने सौमित्रला स्वच्छ सांगितलं होतं, "आईबाबा हो म्हणालेत. पण आत्या हो म्हणेपर्यंत मी तारीख काढू देणार नाही."

ही आत्या म्हणजे कौशल्या. लोणी काळभोरला आपल्या भावाकडे, गेनबांकडे राहायची. ऋतुजा रांगत असताना ती सासरहून माहेरी आली ती कायमचीच. ऋतुजाची आई आनंदीबाई गोठ्यात आणि रानात अडकलेली, त्यामुळे पोरीची वेणी, डबा, पाढे, तापातली जागरणं सगळी आत्याच्या वाट्याला आली. तिचा स्वतःचा गुलछडीचा तुकडा होता. फुलं तोडून, टेम्पोत बसून ती स्वतः गुलटेकडीला मार्केटात घेऊन जायची. बोलणं मोजकं. सौमित्रच्या कोथरूडच्या फ्लॅटवर ती एकदाच आली, चहा प्यायली, पुस्तकांच्या कपाटाकडे बराच वेळ बघितलं आणि उठताना "बघू" एवढंच म्हणाली.

त्या "बघू"ने सुनीतीची झोप उडवली. शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या बाई त्या. त्यांना नापास होण्याची सवय नव्हती. शिवाय त्यांना एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो अगदीच पोकळ होता असं नाही. सोसायटीच्या महिला मंडळात चैत्रातलं हळदीकुंकू सगळ्या बायकांसाठी खुलं केलं ते सुनीतीने. नवरा असो, नसो, लग्न झालेलं असो, नसो. पहिल्या वर्षी दोन आजीबाई उठून गेल्या होत्या, तरी ही बधली नाही. आता तेच मंडळ त्या कार्यक्रमाचे फोटो मोठ्या कौतुकाने मिरवतं. नवऱ्याला "अहो" म्हणणं तेवढं सुटलं नव्हतं. ती सवय आहे, तत्त्व नव्हे, असं तिचं म्हणणं होतं.

तर अशा सुनीतीने कौशल्येचं मोकळं कपाळ बघितलं, मोकळा गळा बघितला, आणि मनात म्हणाली, बिचारी. विचारलं मात्र नाही. कोथरूडात असं कोणी कोणाला विचारत नाही. समोरच्या दारात माणूस वीस वर्षं राहतो आणि त्याचं आडनाव आपल्याला दारावरच्या पाटीवरून कळतं. दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही, ही आपली सभ्यता. स्वतःच्या मनाने मात्र वाटेल तो निष्कर्ष काढून मोकळं व्हायचं, त्याला काही कोणाची हरकत नसते.

मुरूडच्या सहलीची कल्पना सौमित्रची. पहाटे निघायचं, ताम्हिणी घाटातून दिघीला पोचायचं, तिथे गाडीसकट बोटीत चढायचं, खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरायचं की मुरूड आलंच. दिवसभर समुद्र, संध्याकाळी परत. दोन्ही घरं एका गाडीत बसली की आपोआप मोकळी होतील, असा त्याचा हिशोब. आत्या कधी बोटीत बसलेली नव्हती, तरी सगळ्यांना आश्चर्याचा धक्का देत ती "चला" म्हणाली. सुनीतीने त्याच रात्री ठरवून टाकलं की आत्याबाईंना आपलं घर काय आहे ते बोटीवरच दाखवायचं. चैत्र होताच. तिने कैरी घालून हरभऱ्याची डाळ वाटली, थर्मासात पन्हं भरलं, आणि आजेसासूबाईंची पितळी कोयरी हळदीकुंकवाने भरून पिशवीत टाकली.

दिघीच्या धक्क्यावर रविवारची गर्दी होती. गाड्या खालच्या डेकवर लागल्या, माणसं लोखंडी जिन्याने वरच्या बाकांवर गेली. सौमित्र आणि ऋतुजा खालीच कठड्याशी थांबले, त्यांना दुरून जंजिरा बघायचा होता, म्हणजे एकमेकांशी बोलायचं होतं. वर जुन्नरकडच्या एका बचत गटाच्या बायका होत्या, एकाच रंगाच्या साड्या नेसलेल्या, खाकरे खात, एकमेकींना टाळ्या देत. बोट सुटली, वारा आला, आणि सुनीतीने कोयरी बाहेर काढली.

पहिलं आनंदीबाईंना लावलं. मग बचत गटाच्या बायकांना. त्या खुशीने कपाळं पुढे करत होत्या, डाळीची चव घेऊन "कैरी मस्त हाय बाई" म्हणत होत्या. सुनीतीने नवऱ्याला खूण केली. श्यामने मोबाईल समोर धरला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरच्या कार्यक्रमांचं छायाचित्रण त्याच्याकडे होतं. मग ती कौशल्येसमोर जाऊन उभी राहिली.

"मला नगो, बाई," कौशल्या हळू आवाजात म्हणाली आणि तिने हात आडवा धरला.

सुनीतीला हेच अपेक्षित होतं. मंडळातही सगळ्याजणी आधी नकोच म्हणायच्या. मग आग्रह केला की डोळ्यांत पाणी यायचं. तिने कौशल्येचा हात मायेने बाजूला केला आणि बोटीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "कौशल्याताई, आमच्या घरी हे असलं काही मानत नाहीत. नवरा गेला म्हणून बाईचं कपाळ कोणी का पुसावं? कुंकू तुमच्या हक्काचं आहे." आणि तिने ठसठशीत बोट टेकवलं.

"अवो बाई..." आनंदीबाई काहीतरी म्हणायला लागल्या. गेनबा खाकरले. आनंदीबाई गप्प झाल्या.

बचत गटाने टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने पदराने डोळे पुसले. कौशल्या हललीही नाही. तिने फक्त भावाकडे बघितलं. गेनबा तिच्या कपाळाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की सुनीतीचा ऊर भरून आला. म्हातारा माणूस, पण किती मोठ्या मनाचा, तिला वाटलं.

सौमित्र आणि ऋतुजा वर आले तेव्हा कोयरी पिशवीत परत गेली होती. ऋतुजा आत्यासमोर येऊन थबकली. "आत्या?"

"बस," आत्या म्हणाली. "डाळ खा."

मुरूड त्या दिवशी उतू जात होतं. किनाऱ्यावर घोडागाड्या धावत होत्या, घुंगरांचा आवाज आणि स्पीकरवरची गाणी एकमेकांत मिसळलेली. भिजलेल्या कपड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं गोळे चोखत होती. एक मूल उंटावर बसून रडत होतं आणि त्याचे वडील खालून "हस, हस" म्हणून फोटो काढत होते. सुनीती हवेत होती. श्यामकडून व्हिडिओ घेऊन तिने मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आणि जेवणाची पानं येईपर्यंत त्यावर बदामांचा पाऊस पडला. जेवताना श्यामने तळलेली सुरमई मागवली. अँजिओप्लास्टी होऊन सहा महिने झाले नाहीत आणि जीभ बघा, असं ती म्हणाली, पण रोजच्यासारखं तिखट नव्हे. गेनबा माळकरी. त्यांनी सोलकढी आणि भात मजेत ओरपला आणि श्यामला म्हणाले, "खावा, खावा. आमच्या वाटची बी खावा." ते सकाळपासून खुशीत होते. बहिणीच्या पानात त्यांनी स्वतःच्या हाताने मोदक वाढला.

जेवण झाल्यावर सुनीतीने कौशल्येला घोडागाडीत आपल्या शेजारी बसवलं. कौशल्येने पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला होता. ऊन लागत असेल, सुनीतीला वाटलं. तिने तिला आपली छत्री देऊ केली.

गाडीतून उतरल्यावर ऋतुजा वाट बघत उभी होती. "काकू, जरा चालूया का?" दोघी पाण्याच्या कडेने निघाल्या. सुनीतीला वाटलं, होकार आला. पोरगी आधी मला सांगणार.

"तो व्हिडिओ काढून टाकाल का, प्लीज?"

"का गं? किती छान आलाय."

"आत्याचा नवरा जिवंत आहे, काकू."

सुनीतीला आधी ते नीट कळलंच नाही. ऋतुजा शांतपणे सांगत गेली. तिला आवाज चढवावा लागला नाही. हडपसरला असतो. त्याने दुसरा संसार थाटला, म्हणून आत्या घरी आली. फारकत नाही. बाबांचं म्हणणं होतं, तो हाय तवर कपाळ मोकळं ठेवायचं नाही, गावात तोंड दाखवायचंय. आत्याने पुष्कळ वर्षं त्याच्या नावाचं कुंकू लावलं, मंगळसूत्र घातलं. मग एका वटपौर्णिमेला सगळ्या आळीच्या बायका वडाला निघाल्या असताना तिने अंगणात उभं राहून कपाळ धुतलं, गळ्यातलं काढून देव्हाऱ्यात ठेवलं, आणि फुलं घेऊन मार्केटला निघून गेली. बाबा तिच्याशी वर्षभर बोलले नाहीत. आळीतल्या बायका म्हणाल्या, नवऱ्याच्या मरणावर टपलेली. कोणी तिला ओवाळायला पुढे केलं नाही, कोणाच्या बारशाला बोलावलं नाही.

"मोकळ्या कपाळासाठी तिने काय काय ऐकलंय. आणि तुम्ही..." ऋतुजाने वाक्य सोडून दिलं. "बाबा बघा आज किती खूश आहेत."

"मग त्या बोलल्या का नाहीत? तिथल्या तिथे सांगायचं ना मला."

"ती मुलीकडची आहे. तुमचा हात चारचौघांत झटकायचा आणि मग मी तुमच्या घरी नांदायचं? माझ्यासाठी गप्प बसली."

"पण कोणीतरी मला आधी सांगायला नको?" सुनीती म्हणाली, आणि आपला आवाज किती चिडका लागला ते तिला स्वतःलाच ऐकू आलं.

"तुम्ही विचारलं नाहीत, काकू."

ऋतुजा गेली. सुनीती तिथेच उभी राहिली. लाट येऊन साडीचा काठ भिजला तरी तिला सुचेना. जित्या माणसाच्या बायकोला आपण भर बोटीत विधवा म्हटलं. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. ती नको म्हणाली होती. आपण ते ऐकलं होतं. ऐकून तिचा हात बाजूला सारला होता, जसा गेनबांनी सारला असता, आळीने सारला असता, आणि त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. तिला अंगभर लाज वाटली. लहानपणी वर्गात चड्डी ओली झाल्यावर वाटते तशी, लपवायला जागा नसलेली लाज.

तिने फोन काढला आणि व्हिडिओ पुसला. खाली निरोप येतच होते. "सुनीती, तुझा अभिमान वाटतो." "का गं काढलास? मी पुढे पाठवलासुद्धा." खरं काय ते लिहावं म्हणून तिने दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा तिला त्या सगळ्याजणी वाचताना दिसल्या, आणि तिने लिहिलेलं खोडलं. शेवटी "चुकून पडला होता" एवढं लिहून तिने फोन पर्समध्ये कोंबला. म्हणजे तेही खोटंच.

परतीच्या बोटीत ऊन कलतं झालं होतं. बचत गटाच्या बायका परत तीच बोट धरून आलेल्या, दमलेल्या, शंखशिंपल्यांच्या पिशव्या मांडीवर. कौशल्या कडेच्या बाकावर पाण्याकडे तोंड करून बसली होती. घामाने कुंकू जरा पसरलं होतं, पण होतं. सुनीती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. श्याम शेजारीच कठड्याला रेलून होता. तिने त्याला सगळं सांगितलं होतं, आणि तो "छे, छे, भलतंच झालं" एवढंच म्हणाला होता.

"कौशल्याताई, माझं चुकलं. मी न विचारता लावलं. तुम्ही नको म्हणालात तरी लावलं. मला माफ करा."

कौशल्येने तिच्याकडे बघितलं. रागावलेली दिसत नव्हती. "माफी कशाला, बाई. तुमच्या मनात वाईट न्हवतं, ते काय मला कळत न्हाई?"

"तरीपण."

"तरीपन," कौशल्या म्हणाली. "लावलं तुमी. मग पुसा बी तुमीच. सकाळी ह्याच बाया व्हत्या."

"हो, हो, अगदी बरोबर," सुनीती घाईने म्हणाली. तिला हलकंच वाटलं. चूक झाली, ती दुरुस्त करायची, त्याच लोकांसमोर. हे तर तिला येत होतं. तिने पर्समधून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने ओला केला. बचत गटाच्या बायकांच्या गप्पा थांबल्या. सकाळची म्हातारी मान पुढे काढून बघायला लागली.

सुनीतीने हात उचलला. तो कौशल्येच्या कपाळाजवळ गेला आणि थांबला.

विधवेला कुंकू लावणं तिला कधीच जड गेलं नव्हतं. पण जिचा नवरा जिवंत आहे अशा बाईचं कुंकू तिने जन्मात पुसलं नव्हतं, कोणाला पुसताना बघितलंही नव्हतं. तिच्या आईकडे बांगडी फुटली असंसुद्धा म्हणायचे नाहीत, वाढवली म्हणायचे. हे सगळं आपण कधीच टाकून दिलं आहे अशी तिची समजूत होती. तिने हात पुढे रेटला. तो जाईना. तिची नजर आपसूक शेजारी वळली. श्याम उभा होता, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी. आणि तिच्या मनात स्वच्छ शब्दांत आलं, ह्यांना काही झालं तर?

श्यामही बघत होता. अंधश्रद्धेवर त्याने पेपरात कितीतरी पत्रं लिहिली होती. "पूस गं, काय होतंय" एवढं त्याने म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. त्याने मान फिरवली आणि पाण्याकडे बघू लागला.

"रुमाल... रुमाल तितकासा स्वच्छ नाहीये हा," सुनीती म्हणाली.

कौशल्येने त्या पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या घड्या असलेल्या रुमालाकडे बघितलं. मग सुनीतीच्या चेहऱ्याकडे. मग श्यामकडे. तिला कळलं. कळल्याचं सुनीतीलाही कळलं, आणि तिचे कान तापले.

"ऱ्हाऊ द्या," कौशल्या म्हणाली. अगदी मऊपणे म्हणाली, ताप आलेल्या पोराशी बोलावं तसं. तिने पदराचं टोक घेतलं, जिभेवर ओलं केलं आणि कपाळ घासून साफ केलं. "अगं बया," बचत गटातलं कोणीतरी पुटपुटलं. म्हातारीने तोंड फिरवलं. गेनबा बाकावरून उठले आणि कोणाकडे न बघता जिना उतरून खाली गाडीपाशी निघून गेले. त्या सगळ्यांत कौशल्या एकटीच निवांत दिसत होती. तिने पदर खांद्यावर सारखा केला. पदराला लाल डाग पडला होता.

सुनीतीला तिथून हलायचं होतं, पण बोटीत जायचं कुठे. ती समोरच्याच बाकावर टेकली. खालून ऋतुजा धावत वर आली, मागे सौमित्र. बापाचा चेहरा बघून काहीतरी झालंय हे तिला कळलं असावं. ती आत्याजवळ बसली, तिचं कपाळ बघितलं, आणि मग तिने सुनीतीकडे अशा नजरेने बघितलं की त्यात आभार होते. सुनीतीला ती नजर सहन होईना. खरं सांगायला हवं होतं. ती गप्प बसली.

"मी पुसलं," कौशल्या म्हणाली. "बाईंनी न्हाई."

ऋतुजाची नजर बदलली.

"तारीक काढा म्हनावं आता," कौशल्या म्हणाली.

"आत्या? नक्की?"

"व्हय. पोरगा सरळ हाय. मला ह्या बाईंचंच भ्या वाटत व्हतं. लई येगळ्या हायेत, म्हनलं. पुस्तकाची मानसं. आपल्या पोरीला त्यांचा आन त्यांना पोरीचा काय थांग लागायचा." तिने ऋतुजाच्या केसांत अडकलेली वाळू झटकली. "न्हाई गं. तसं काय न्हाई. आपल्या आळीतल्या बायांसारक्याच हायेत. निभंल तुजं."

यात टोमणा नव्हता. असता तर सुनीतीने तो पेलला असता, ती पुण्याची होती. कौशल्येने ते मनापासून, पोरीला धीर द्यावा म्हणून सांगितलं होतं. सौमित्रने आईला मिठी मारली. "आई, हो म्हणाल्या! ऐकलंस का?"

"ऐकलं," सुनीती म्हणाली.

आनंदीबाईंनी डोळे पुसले आणि लेकीला ढोसलं. "पाया पड गं सगळ्यांच्या. आदी आत्याच्या." ऋतुजा आत्याच्या पाया पडली, आईच्या पडली, श्यामच्या पडली. मग सुनीतीसमोर येऊन वाकली. "खूप शिक, मोठी हो" हा सुनीतीचा ठरलेला आशीर्वाद होता. हजार मुलींना तिने तो दिला असेल, मुद्दाम तेवढाच. आता तिच्या तोंडून तो निघेना. आणि त्याच्या जागी जो जुना आशीर्वाद ओठांवर आला होता, तो तिने दात आवळून आत ढकलला.

"सांभाळून," ती म्हणाली. "बोट हलतेय."